जिवंत धोटा

दिवाळी सरली की कोकणात पहाटेचं दव पडू लागतं. आमच्या विहिरीकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक रायवळ आंबा आहे. त्याची खालची फांदी इतकी खाली आलेली की वाकून जावं लागतं. काल संध्याकाळी त्या फांदीवरची दोन पानं एकमेकांपासून चार बोटं दूर होती. त्यांच्या कडांवर लाल मुंग्यांची रांग लागलेली दिसली, म्हणून ती मी मुद्दाम लक्षात ठेवली. आज सकाळी कळशी घेऊन गेले, तर पानं जुळलेली. मधल्या फटीवर पातळ, पांढरा पापुद्रा ताणलेला आणि त्यावर दवाचे बारीक थेंब. कळशी काठावर ठेवली आणि उन्हं येईपर्यंत तिथेच उभी राहिले.

कोकणात या मुंग्यांना कुठे ओंबील म्हणतात, कुठे उंबील. गोव्यात त्याच हुमले होतात. पुस्तकांत त्या विणकर मुंग्या असतात. शास्त्रज्ञांनी दिलेलं नाव ओइकोफिला स्मॅराग्डिना. त्यातल्या पहिल्या शब्दात घर आणि पान हे दोन ग्रीक शब्द आहेत, दुसऱ्याचा अर्थ पाचूसारखी. आपल्याकडच्या कामकरी मुंग्या तांबूस, नारिंगी. पाचू कुठे दिसत नाही. पण ऑस्ट्रेलियात याच जातीच्या मुंग्यांचं पोट हिरवं असतं, आणि आपल्याकडे हिरवी असते ती राणी.

लहानपणी मला या मुंग्यांची फक्त भीती होती. आंबे उतरवायला एक काका यायचे. झाडावर चढण्याआधी ते मागच्या दारी येऊन हाक मारायचे, "बाय, मूठभर राख आण गो." चुलीतली राख ते हातापायांना चोळत. राखेवर मुंगीचा पाय ठरत नाही. तरी उतरेपर्यंत त्यांच्या मानेवर, पोटऱ्यांवर लाल गांधी उठलेल्या असत. या मुंगीला नांगी नसते. ती जबड्याने धरते, पोट पुढे वळवते आणि झालेल्या जखमेवर आम्ल सोडते, म्हणून ती आग. दुसरे लोक यायचे ते चूड पेटवून घरटी जाळायचे. जळताना त्यातून तडतड आवाज यायचा आणि आम्ही मुलं टाळ्या पिटायचो. काकांनी मात्र कधी चूड घेतली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "चावणारच ती. तिचं घर आहे ते." त्या टाळ्यांची मला आज लाज वाटते, आणि ते घर म्हणजे काय हे समजायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

ते घर बांधतात कसं, हे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. आधी काही मुंग्या पानाच्या कडा चाचपत फिरतात. एखादीला पानाचं टोक थोडं वळवता आलं की आसपासच्या तिथे गोळा होतात. एका पानावर मागचे पाय रोवायचे आणि दुसऱ्याची कड जबड्यात धरून ओढायची. अंतर कमी असेल तर एवढ्याने भागतं. जास्त असेल तर एक मुंगी पुढे होते, दुसरी तिची कंबर जबड्यात धरते, तिची कंबर तिसरी. अशी साखळी हवेत लोंबते. एक साखळी पुरली नाही तर शेजारी दुसरी, मग तिसरी. मुंगीच्या पायांच्या टोकाला चिकट गाद्या असतात. काचेच्या गुळगुळीत पृष्ठभागावर उलटी लटकून आपल्या वजनाच्या शंभरपट वजन ती जबड्यात पेलू शकते.

या साखळ्यांविषयी मला अलीकडे एक गोष्ट कळली, आणि ती मनातून जात नाही. माक्सिमिलियाँ रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेतीतज्ज्ञाने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. 1913 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. माणसं वाढत गेली तसा एकूण जोर वाढला, पण दर माणशी जोर कमी होत गेला. प्रत्येकाने थोडा हात राखला. गावकीचं काम केलेल्या कुणालाही हे सांगायला प्रयोग नको. 2025 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी विणकर मुंग्यांना कागदाचं पान ओढायला देऊन तेच मोजलं. इथे उलटं निघालं. टोळी मोठी झाली तसा दर मुंगीमागचा जोर वाढला, जवळजवळ दुप्पट झाला.

कारण साखळीतच होतं. पुढच्या मुंग्या ओढतात; मागच्या पाय लांबवून, अंग ताणून नुसत्या घट्ट राहतात. पुढच्यांनी कमावलेलं अंतर मागच्या हातचं जाऊ देत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की मागच्या काहीच करत नाहीत. मला माझी आई आठवली. घरात कुणी काही मिळवून आणलं की त्याचं कौतुक व्हायचं, आणि जे मिळालं ते निसटू नये म्हणून ती जे दिवसभर करायची ते कुणाच्या बोलण्यात यायचं नाही. ती मागे नसती तर पुढच्यांनी ओढलेलं पान केव्हाच परत गेलं असतं.

पानं जवळ आली, आता ती शिवायची कशी? मोठ्या मुंगीजवळ धागा नाही. तिच्या अंगात रेशीम तयार होतच नाही. रेशीम आहे ते अळ्यांजवळ. मग काही मुंग्या जुन्या घरट्यात जातात आणि वाढ पूर्ण होत आलेली एकेक अळी हलकेच जबड्यात धरून घेऊन येतात. अळीचं तोंड पानाच्या कडेला टेकवतात, मिशांनी तिला थोपटतात. अळी रेशमाचा ठिपका सोडते. तिला समोरच्या पानाकडे नेतात, तिथे टेकवतात, पुन्हा अलीकडे. या काठावरून त्या काठावर, हजार वेळा. इचलकरंजीत किंवा पैठणला माग पाहिला असेल त्याला धोटा आठवेल. उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळणारा, पोटात कांडी घेतलेला. इथे धोटा जिवंत आहे. तो बाळ आहे, आणि धागा त्याचा स्वतःचा आहे.

हे रेशीम अळीजवळ असतं कशासाठी? मुंग्यांच्या याच कुळातल्या कितीतरी जातींत अळी त्याच रेशमाचा स्वतःभोवती कोष करते आणि त्या आत सुरक्षित राहून मुंगी होते. विणकर मुंगीच्या अळीने आपलं रेशीम घराला दिलेलं असतं. ती कोष करत नाही. उघडी, पांढरी अशी ती घरट्यात पडून राहते आणि तशीच मुंगी होऊन उठते. तिच्याभोवती कोष नाही, पण सगळ्यांच्या रेशमाने शिवलेल्या पानांच्या भिंती आहेत.

यावर मी फार काही म्हणू इच्छित नाही. अळीने ते ठरवून दिलं असं म्हणता येणार नाही. निसर्गाने लाखो पिढ्यांत तिची घडण तशी केली. तरी त्या पांढऱ्या पापुद्र्याकडे बघताना मला तिथे हात लाववत नाही.

ही विद्या किती जुनी आहे? केनियातल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या एका बेटावर मुंग्यांच्या एका अख्ख्या वस्तीचे अवशेष दगडात सापडले. अळ्या, मुंगी होण्याच्या वाटेवरची बाळं, मोठ्या कामकरी, लहान कामकरी, पानांचे तुकडे. एडवर्ड विल्सन आणि रॉबर्ट टेलर यांनी 1964 साली त्यांचं वर्णन केलं. त्या विणकर मुंग्याच होत्या. दीड कोटी वर्षांहून जुन्या. आजच्यासारख्याच दोन आकारांच्या कामकरी तेव्हाही होत्या: मोठ्या बाहेर जाणाऱ्या, लहान घरात राहून बाळांचं पाहणाऱ्या. आपल्या सड्यावरच्या कातळचित्रांच्या वयाचं आपल्याला अप्रूप वाटतं, ते योग्यच आहे. पण विहिरीवरच्या आंब्यात जे आज पहाटे शिवलं गेलं त्याची परंपरा माणूस नावाचा प्राणी जन्मण्याच्याही फार आधीची आहे.

एका झाडावर पाच-सात घरटी दिसली तर ती पाच-सात कुटुंबं आहेत असं वाटतं. बहुधा तसं नसतं. ते एकच कुटुंब असतं, आणि शेजारच्या कितीतरी झाडांवरची घरटीही त्याचीच. मोठ्या वसाहतीत शंभराहून जास्त घरटी आणि पाच लाखांच्या घरात मुंग्या असू शकतात. राणी साधारणपणे एकच, कुठल्यातरी एका घरट्यात. पावसाच्या दिवसांत पंख असलेल्या नव्या राण्या आणि नर बाहेर पडतात. मीलन झालं की नर मरतात, राणी पंख गाळते, एखाद्या पानाच्या आडोशाला बसते आणि पहिली अंडी घालून पहिल्या मुली एकटीने वाढवते. क्वचित दोन-चार राण्या हे पहिले दिवस एकत्र काढतात. या काळात पुष्कळ राण्या पाखरांच्या, सरड्यांच्या तोंडी जातात.

पानं वाळली की घर सोडायचं. घरट्याची पानं फांदीपासून तोडलेली नसतात. ती जिवंत असेपर्यंत घर हिरवं, ओलसर, थंड. ती पिवळी पडली की मुंग्या नवी पानं शोधतात, आणि सगळी बाळं उचलून तिकडे जातात. जुन्या घराचा मोह नाही. आमच्या जुन्या घराचा वासा बदलायचा म्हटलं तरी आठवडाभर मला झोप नव्हती.

या वसाहतीला सीमा असते. सीमेवर मुंग्या आपल्या विष्ठेचे तपकिरी ठिपके टाकतात. त्याच्या वासावरून आपलं आणि परकं कळतं. दोन वसाहतींमध्ये कुणाचाच नसलेला एक पट्टा राहतो. तो ओलांडला की लढाई, आणि ती भयंकर असते. बर्ट होल्डॉब्लर यांनी ऑस्ट्रेलियात या मुंग्यांच्या सीमांचा अभ्यास केला. त्यांना सीमेजवळ काही वेगळी घरटी आढळली, ज्यांत बाळं नव्हती. तिथे राहत होत्या त्या वसाहतीतल्या सगळ्यांत वृद्ध मुंग्या. तरुण मुंग्या आत राहतात, बाळं सांभाळतात, आणि वय वाढेल तशा बाहेर बाहेर सरकत शेवटी सीमेवर येतात. परकी मुंगी आली तर तिला पहिल्यांदा भिडतात त्या म्हाताऱ्या. माणसांनी युद्धावर नेहमी पोरं धाडली. विशीतली, मिसरूड फुटलेली पोरं. हे वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागी होते.

मात्र या मुंग्यांना साधुसंत करायला मी तयार नाही. त्या शिकारी आहेत. सुरवंट किंवा भुंगा हाती लागला की चारही बाजूंनी त्याचे पाय धरून त्याला ताणून जखडतात, मग तुकडे करून नेतात. पिठ्या ढेकूण आणि खवले किडीला त्या पाळतात, कारण त्यांच्या अंगातून गोड रस पाझरतो. म्हणजे झाडाचा रस पिणाऱ्यांना संरक्षण देतात. मोहरावर येणाऱ्या माश्या-मधमाश्यांनाही हुसकतात. बागायतदार त्यांच्यावर रागावतो ते अगदीच बिनबुडाचं नाही.

पण हिशोब पुरा मांडला पाहिजे. दक्षिण चीनमधल्या वनस्पतींवर जी हान यांचा एक ग्रंथ आहे, तो इसवी सन 304 च्या सुमाराचा मानतात. त्यात लिहिलंय की तिथले लोक बाजारातून मुंग्यांची घरटी पिशव्यांत भरून विकत घेतात आणि संत्र्याच्या झाडांवर सोडतात, कारण या मुंग्या नसल्या तर फळ किडतं. किडीने किडीचा बंदोबस्त करण्याची ही जगातली सगळ्यांत जुनी लेखी नोंद समजली जाते. पुढे त्याच मुलखात एका झाडावरून दुसऱ्यावर मुंग्यांना जाता यावं म्हणून बांबूचे पूल बांधू लागले. व्हिएतनाममध्ये मेकाँग नदीच्या खोऱ्यात संत्री-मोसंबीच्या बागांत या मुंग्या आजही पाळतात. उत्तर ऑस्ट्रेलियात रेन्कांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन या शास्त्रज्ञांनी काजूच्या आणि आंब्याच्या बागांत त्यांचा उपयोग करून दाखवला. काजूची कोवळी पालवी आणि मोहर शोषून करपवणारा ढेकण्या आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बागायतदाराला चांगला माहीत आहे. या मुंग्या असलेल्या काजूवर ढेकण्याला बस्तान बसवणं जड जातं. तरीही आपण आधी घरटी जाळतो, मग ढेकण्यासाठी पंप पाठीला लावतो. हे मला चुकीचं वाटतं, आणि मी ते स्पष्ट म्हणते.

गडचिरोलीच्या, बस्तरच्या जंगलात राहणाऱ्या माडिया-गोंड लोकांचं या मुंग्यांशी नातं निराळं. मुंग्या आणि अंडी पाट्यावर मिरची-मिठासोबत वाटून ते चटणी करतात. तिचा आंबटपणा त्याच आम्लाचा, ज्याने काकांची मान भाजायची. ओडिशातल्या मयूरभंजच्या अशा चटणीला 2024 च्या जानेवारीत भौगोलिक मानांकन मिळालं.

आणि मुंग्यांच्या कडेकोट घराच्या आसपास, आतही, वावरणारे परके आहेत. हुबेहूब या मुंगीसारखा दिसणारा एक उडी मारणारा कोळी आपल्याकडे सापडतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे हलवत तो त्यांच्या आसपास राहतो. मुंग्यांपासून पुष्कळ शिकारी दूर राहतात, त्यामुळे मुंगीसारखं दिसणं हेच त्याचं कवच. त्याहून थरारक आहे लिफायरा नावाच्या फुलपाखराची अळी. ती चपटी, ढालीसारख्या कातडीची. ती घरट्यातच राहते आणि मुंग्यांची बाळं खाते. ढालीवर मुंग्यांचे जबडे चालत नाहीत. फुलपाखरू होऊन बाहेर पडण्याची वेळ आली की ढाल उरत नाही. तेव्हा त्याच्या पंखांवर, अंगावर सैल खवल्यांचा थर असतो. मुंगी धरायला गेली की तिच्या तोंडात नुसते खवले येतात, आणि फुलपाखरू निसटतं. ज्या बाळांच्या रेशमाने भिंती शिवल्या त्यांनाच खाणारा जीव त्याच भिंतींच्या आत वाढतो. या गोष्टीला माझ्याजवळ समाधानकारक शब्द नाहीत. ती तशीच सांगितली.

ऊन आता आंब्याच्या शेंड्यावर आलंय. खालच्या फांदीवरचं दव सुकत चाललं, आणि थंडीने मंदावलेल्या मुंग्या भराभर चालू लागल्यात. नव्या घराच्या एका बाजूला अजून बोटभर फट आहे. तिथे एक मुंगी अळी घेऊन आली. अळी तांदळाच्या दाण्याएवढी, पांढरीशुभ्र. मुंगी तिला या काठाला टेकवते, त्या काठाला नेते. मी श्वास रोखून पाहते, कारण माझ्या श्वासाने तिचं काम थांबतं हे मला मागच्या खेपेला कळलंय.

तुमच्या परसात, बागेत, शाळेच्या आवारातल्या जांभळावर असं पानांचं घरटं असेल, तर ते जाळू नका. वाटेवर येत असेल आणि काढणं भागच असेल तर ऊन तापायच्या आत, हातांना राख चोळून, डहाळीसकट अलगद कापा आणि त्याच झाडाच्या वरच्या बेचक्यात ठेवून द्या. दुसऱ्या झाडावर नको, तिथे कदाचित दुसरी वसाहत असेल. थोड्या मुंग्या चावतील. संध्याकाळपर्यंत त्या आपली बाळं उचलून नवी पानं शोधायला निघालेल्या असतील.